वाचकांचे प्रश्न : पुरावा ज्याने नष्ट केला, त्याच्याविरुद्ध पुरावा कुठून आणायचा?

अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने १९५० आणि १९६०च्या दशकांत माणसाच्या मनावर ताबा मिळवण्यासाठी ‘एमके-अल्ट्रा’ या नावाखाली केलेल्या गुप्त प्रयोगांवरचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. लेखात मुख्यतः प्रयोगांची हकीकत होती. पत्रलेखकांचा रोख मात्र त्यापुढच्या गोष्टीकडे आहे. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्यांना न्याय मिळाला का, आणि मिळाला नसेल तर तो अडला कुठे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘एमके-अल्ट्रा’ हे नाव इतक्या भन्नाट गोष्टींच्या शेजारी वाचायला मिळते की त्यातले खरे किती आणि रचलेले किती, हेच कळेनासे होते. ज्याला निःशंकपणे अधिकृत म्हणता येईल, असे नेमके काय आहे?

उत्तर : अमेरिकन संसदेच्या चौकशीत, न्यायालयांच्या निकालपत्रांत आणि खुद्द सीआयएच्या कागदांत जे नोंदलेले आहे तेवढेच अधिकृत मानले, तरी चित्र पुरेसे स्पष्ट आहे आणि पुरेसे भयंकरही, त्याला तिखटमीठ लावण्याची काहीच गरज नाही. सीआयएचे संचालक ॲलन डलेस यांनी १३ एप्रिल १९५३ रोजी या कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याच्या तीनच दिवस आधी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण करताना त्यांनी कम्युनिस्ट राजवटी माणसाच्या मेंदूवर कसा हल्ला चढवतात याचे वर्णन केले होते, आणि असली तंत्रे आजमावून पाहायला आपल्याकडे मानवी गिनिपिग नाहीत, असेही श्रोत्यांना सांगितले होते. कोरियन युद्धात पकडले गेलेले काही अमेरिकन सैनिक शत्रूला हवे तसे कबुलीजबाब देऊ लागले, तेव्हा शत्रूच्या हाती काहीतरी अद्भुत विद्या लागली आहे अशी धास्ती वॉशिंग्टनमध्ये पसरली होती. ‘ब्लूबर्ड’ आणि ‘आर्टिचोक’ ही या कार्यक्रमाची आधीची रूपे होती.

सूत्रे सिडनी गॉटलिब या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. एलएसडी आणि इतर मादक द्रव्ये, संमोहन, विजेचे झटके, एकांतात कोंडणे अशा विषयांवर एकूण १४९ उपप्रकल्प चालले. ऑगस्ट १९७७मध्ये सिनेटपुढे साक्ष देताना तेव्हाचे संचालक स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी ८० संस्थांचा यात संबंध आला असल्याचे सांगितले. त्यांत ४४ महाविद्यालये व विद्यापीठे, १२ रुग्णालये आणि ३ तुरुंग होते. पैसा बहुधा दिखाऊ प्रतिष्ठानांमार्फत फिरवला जाई, त्यामुळे आपल्या संशोधनाचा खरा धनी कोण, हे अनेक संशोधकांनाही ठाऊक नसे.

अधिकृत म्हणता येत नाही ते असे : या प्रयोगांतून हुकमाचे ताबेदार मारेकरी तयार झाले, अमुक राजकीय खुनामागे असाच कोणी होता, किंवा हे तंत्र अखेरीस साधले आणि आजही ते वापरात आहे. यांपैकी कशालाही आधार नाही. कार्यक्रमाने फारसे काही हाती लागले नाही, अशा निष्कर्षाला स्वतः गॉटलिबच आले होते. माणूस मोडता येतो एवढे या प्रयोगांनी दाखवले. मोडलेला माणूस आपल्या मर्जीप्रमाणे चालवता येतो, हे दाखवणे त्यांना जमले नाही.

प्रश्न : प्रयोगासाठी माणसे कशी निवडली जात? कोणी विरोध कसा केला नाही?

उत्तर : निवडीचा निकष कुठे लिहून ठेवलेला नाही, पण प्रकरणे शेजारीशेजारी ठेवली की तो दिसतो. ज्यांना तक्रार करता येणार नाही, किंवा केली तरी ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, अशी माणसे घेतली गेली. केंटकीमधील लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथील कैद्यांवर, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते, हॅरिस इस्बेल यांनी एलएसडीचे प्रयोग केले. काहींना सलग ७७ दिवस हे द्रव्य देण्यात आले. भाग घेतल्याबद्दलचे बक्षीस काय, तर ज्याच्या व्यसनातून सुटण्यासाठी ते तेथे आले होते तेच मादक द्रव्य. कैद्यांनी सही केली होती, असे त्यावर सांगितले जाते. अशा सहीला संमती म्हणायचे असेल तर मग त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क येथे याहून नीच प्रकार चालला. अंमली पदार्थविरोधी खात्यातील जॉर्ज व्हाइट या अधिकाऱ्याने सीआयएच्या पैशाने सदनिका घेतल्या. सॅन फ्रान्सिस्कोत वेश्यांमार्फत पुरुषांना तेथे आणले जाई, त्यांच्या पेल्यात गुपचूप औषध मिसळले जाई आणि एका बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशामागे बसून पुढचे सगळे पाहिले जाई. घरी गेल्यावर त्या पुरुषांनी सांगायचे तरी कोणाला आणि काय? त्यांची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत, आणि म्हणूनच जबाबदारीच्या प्रश्नात हा गट आजतागायत पूर्णपणे निसटलेला आहे.

विरोध झाला, पण तो कार्यालयाच्या चार भिंतींत. सीआयएचे महानिरीक्षक जॉन अर्मन यांनी १९६३मध्ये कार्यक्रमाची तपासणी केली, आणि अनभिज्ञ नागरिकांवर होणाऱ्या चाचण्यांवर त्यांनी बोट ठेवले. मात्र त्यांच्या अहवालात नैतिक आक्षेपाच्या जोडीला, हे बाहेर फुटले तर लोकांत काय प्रतिक्रिया उमटेल याचीही काळजी दिसते. त्यानंतर अशा चाचण्या थांबवण्यात आल्या आणि दोन-तीन वर्षांत त्या सदनिकाही बंद झाल्या. बाहेरच्या कोणाला काही सांगावे, निदान ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांना तरी, असे कोणाच्या मनात आले नाही.

प्रश्न : मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. तुरुंगातले किंवा हेरांच्या घरातले प्रकार मी समजू शकते. पण कॅनडातील माँट्रियलच्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे घडले, हे मान्य करणे जड जाते. डॉक्टर कॅमेरॉन यांना आपण काय करत आहोत हे कळत नव्हते का?

उत्तर : आपला प्रश्न या सगळ्या प्रकरणातील सर्वांत अवघड प्रश्न आहे, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर देतो.

युएन कॅमेरॉन हे कोणी आडबाजूचे भोंदू डॉक्टर नव्हते. मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटचे ते प्रमुख होते, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष राहिले होते आणि पुढे जागतिक मनोविकारतज्ज्ञ संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. न्यूरेम्बर्ग येथे नाझी नेता रुडॉल्फ हेस याची मानसिक तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांतही ते होते. बिघडलेल्या मनाची घडी आधी पूर्ण विस्कटून टाकायची आणि मग नव्याने घालायची, ही त्यांची कल्पना. १९५६मध्ये त्यांनी त्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो सीआयएच्या नजरेस पडला आणि १९५७पासून ‘मानवी परिस्थितिविज्ञाना’च्या नावाने चालणाऱ्या एका दिखाऊ संस्थेमार्फत सुमारे ६० हजार डॉलर माँट्रियलला पोहोचले. त्या पैशामागे कोण आहे, हे कॅमेरॉन यांना माहीत होते की नव्हते, यावर मतभेद आहेत. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे, कारण पैसा येण्याच्या आधीपासून ते तेच करत होते, आणि कॅनडाच्या केंद्र सरकारची अनुदानेही त्यांना मिळत होती.

प्रत्यक्षात काय केले जाई, ते आपल्याला परिचारिकेच्या नजरेने पाहता येईल. प्रसूतीनंतरचे नैराश्य किंवा सततची चिंता अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला गुंगीच्या औषधांच्या मिश्रणावर दिवसच्या दिवस, कधी कधी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवले जाई. खाण्यापुरते आणि शौचापुरते तेवढे उठवायचे. त्याच काळात नेहमीच्या उपचारापेक्षा कितीतरी अधिक तीव्रतेचे आणि अधिक वेळा विजेचे झटके दिले जात. रुग्णाला आपण कुठे आहोत हे सांगता येईना, नाव आठवेना, मलमूत्रावर ताबा राहीना, की पहिला टप्पा यशस्वी झाला असे समजले जाई. मग उशीत बसवलेल्या ध्वनिक्षेपकातून किंवा कानांवर घट्ट बसवलेल्या श्रवणयंत्रातून एकच वाक्य ऐकवले जाई, दिवसाला अनेक तास, हजारो वेळा. आधी रुग्णाला त्याच्या उणिवा ऐकवायच्या, नंतर त्याने कसे वागावे हे सांगणारे वाक्य लावायचे. रुग्णाने ती ध्वनिफीत नको म्हटली, तर तो नकार हेदेखील आजाराचेच लक्षण ठरे.

कॅमेरॉन तेथून गेल्यानंतर त्याच संस्थेत या रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. त्याचा अहवाल १९६७मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिसाद देणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांना उपचारांपूर्वीच्या सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतच्या काळाची आठवण राहिली नव्हती. आपली मुले लहानपणी कशी होती, हे त्यांना आता दुसऱ्यांनीच सांगायचे होते.

तेव्हा त्यांना कळत नव्हते का? शत्रूचे किंवा रुग्णाचे वाईट करायचे म्हणून त्यांनी हे केले, असे कागदांतून दिसत नाही. आपली पद्धत मनोविकारशास्त्रात क्रांती घडवील असा त्यांचा विश्वास होता. पण रुग्ण बरे होत नाहीत हे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर दिसत असताना त्यांनी मात्रा वाढवत नेली, आणि हे उपचार आहेत की प्रयोग, हे रुग्णाला कधी सांगितले नाही. चांगल्या हेतूचे संरक्षण इथे कॅमेरॉन यांना देता येत नाही. ते १९६७मध्ये गिर्यारोहण करताना वारले. त्यांना कोणालाही उत्तर द्यावे लागले नाही.

प्रश्न : न्यूरेम्बर्गमध्ये नाझी डॉक्टरांना फाशी देणाऱ्या देशात एकाही माणसाला शिक्षा होऊ नये?

उत्तर : नाही झाली. संमतीशिवाय माणसावर प्रयोग करू नयेत, ही १९४७ची न्यूरेम्बर्ग संहिता अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी फेब्रुवारी १९५३मध्ये, म्हणजे एमके-अल्ट्राला मंजुरी मिळण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, आपल्या खात्याला लागू केली होती. पण तो आदेशच ‘अतिगुप्त’ ठरवण्यात आला, त्यामुळे ज्यांनी तो पाळायचा त्यांच्यापैकी कित्येकांपर्यंत तो पोहोचलाच नाही. सैनिकांचे संरक्षण करणारा नियम सैनिकांपासूनच लपवून ठेवण्याची ही करामत नोकरशाहीलाच जमू शकते.

पुढे जानेवारी १९७३मध्ये मावळते संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमावरून एमके-अल्ट्राची कागदपत्रे नष्ट करण्यात आली. वॉटरगेट प्रकरण पेटत चालले होते आणि गॉटलिबही निवृत्त होत होते. १९७४च्या डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांनी सीआयएची देशांतर्गत बेकायदा कृत्ये उघडकीला आणली, त्यानंतर १९७५मध्ये रॉकफेलर आयोग आणि सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समिती यांनी चौकशी केली. या चौकश्यांनी सत्य बाहेर काढले, पण संसदीय समिती आरोपपत्र दाखल करत नाही. १९७७मध्ये गॉटलिब यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली ती फौजदारी कारवाईपासून अभय मिळवून, आणि तीही मुख्य सभागृहात नव्हे तर बाजूच्या खोलीत. त्याच वर्षी हेल्म्स यांना न्यायालयाने दंड केला, पण तो चिलीमधील कारवायांबद्दल सिनेटची दिशाभूल केल्याबद्दल : २ हजार डॉलर आणि अमलात न आणलेली दोन वर्षांची कैद. माणसांवरील प्रयोगांचा त्यात उल्लेखही नव्हता.

प्रश्न : मी वकील आहे. फौजदारी मार्ग बंद झाला हे समजले, परंतु दिवाणी दाव्यांचे काय? शासनाने एवढी कबुली दिल्यानंतर नुकसानभरपाईचा दावा हरणे कसे शक्य आहे?

उत्तर : आपल्या व्यवसायामुळे आपल्याला हे अधिक लवकर पटेल : प्रयोग झाले ही कबुली निराळी आणि ‘तो माझ्यावर झाला’ हे सिद्ध करणे निराळे. पहिल्या गोष्टीबद्दल शासनाने कधीच फार वाद घातला नाही. दुसरीसाठी जे कागद लागतात ते त्यानेच नष्ट केले होते.

जे उरले ते योगायोगाने उरले. हिशेबाची काही कागदपत्रे दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असल्यामुळे नष्ट करणाऱ्यांच्या हातून सुटली, आणि लेखक जॉन मार्क्स यांनी माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली केलेल्या अर्जामुळे १९७७मध्ये त्यांच्या सात पेट्या सापडल्या. आज आपल्याला एमके-अल्ट्राबद्दल जे ठाऊक आहे त्यातील बरेचसे या बिलांवरून आणि पावत्यांवरून ठाऊक आहे. कोणत्या संस्थेला किती पैसे गेले हे त्यांत आहे; पेल्यात कोणाच्या काय मिसळले, हे नाही. उरलेली नावे मिळवण्याची वाटही सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये सिम्स खटल्यात अरुंद करून टाकली. ८० पैकी ५९ संस्थांनी आपले नाव जाहीर करायला संमती दिली होती. बाकीच्यांची आणि संशोधकांची नावे ‘गुप्तवार्तेचे स्रोत’ म्हणून झाकून ठेवण्याचा अधिकार संचालकांना आहे, असा निकाल लागला.

दुसरा अडसर शासनाच्या संरक्षणाचा. जेम्स स्टॅन्ली या सार्जंटने १९५८मध्ये विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या कपड्यांच्या चाचणीसाठी स्वेच्छेने नाव दिले होते. हा प्रयोग सीआयएचा नव्हे तर लष्कराचा. दोहोंची गल्लत बरेच लोक करतात. तेथे त्याला न सांगता एलएसडी पाजण्यात आले. भ्रम, स्मृतिभ्रंश, घरात अकारण मारहाण, शेवटी घटस्फोट; आणि या सगळ्याचे कारण त्याला कळले ते १९७५मध्ये, जेव्हा लष्कराने पाठपुराव्याच्या अभ्यासासाठी ‘स्वयंसेवक’ म्हणून त्याला पत्र पाठवले. १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा दावा फेटाळला, कारण सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला शासनावर दावा लावता येत नाही. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी भिन्नमतात न्यूरेम्बर्गचे स्मरण करून दिले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी बहुमतापेक्षा ते भिन्नमतच आधी वाचावे, असे मला वाटते.

तिसरा अडसर मुदतीचा. इजा कळल्यापासून दोन वर्षांत दावा आणायचा असतो. ज्याची स्मृतीच गेली आहे, किंवा ज्याला इतकी वर्षे ‘तुला वेड लागले होते’ असे सांगण्यात आले, त्याला इजा ‘कळली’ केव्हा धरायचे?

या बाबतीत एकच निकाल मला मनापासून समाधान देणारा वाटतो, आणि तोही अर्धवटच. एका अमेरिकन चित्रकाराचे म्हणणे असे होते की १९५२मध्ये पॅरिसच्या एका कॅफेमध्ये काही अमेरिकनांनी त्याला पेय दिले, ते आणून देणारा माणूस लंगडत होता, आणि त्यानंतर त्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. गॉटलिब यांच्या पायात जन्मजात व्यंग होते. चित्रकाराच्या मृत्यूनंतर बहिणीने दावा पुढे चालवला. १९९८मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, दावे होणार हे दिसत असताना कागद नष्ट केले गेले असतील, तर ते कागद वादीच्या बाजूचे असावेत असे अनुमान ज्युरीला काढता येईल. पुरावा नष्ट करणाऱ्याला त्याच कृत्याचा लाभ मिळू नये, हे तत्त्व इथे निदान मान्य झाले. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष सुनावणीत ज्युरीने वादीविरुद्ध निर्णय दिला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात गॉटलिब वारले होते.

प्रश्न : भरपाई कोणालाच मिळाली नाही का? मिळाली असल्यास किती?

उत्तर : काहींना मिळाली. फ्रँक ओल्सन हे लष्करी जीवरसायनशास्त्रज्ञ. १९ नोव्हेंबर १९५३ रोजी मेरीलँडमधील एका सरोवराकाठच्या बैठकीत गॉटलिब यांच्या माणसांनी त्यांच्या मद्यात एलएसडी घातले, आणि नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. कुटुंबाला २२ वर्षे खरे कारण सांगितले गेले नाही. १९७५मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना बोलावून घेऊन क्षमा मागितली आणि पुढच्या वर्षी संसदेने साडेसात लाख डॉलर दिले. हा मृत्यू म्हणजे खून होता, असा मुलांचा पुढे आग्रह राहिला. पण २०१३मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. मुदत संपलेली होती आणि पूर्वीच्या तडजोडीत त्यांनी हक्क सोडलेले होते.

माँट्रियलच्या नऊ रुग्णांनी सीआयएवर १९८०मध्ये वॉशिंग्टनमध्ये दावा लावला. त्यांच्या अग्रभागी कॅनडाच्या एका खासदाराच्या पत्नी व्हेल्मा ऑर्लिको होत्या. सीआयएने तो आठ वर्षे लांबवला आणि १९८८मध्ये, सुनावणी तोंडावर आल्यावर, नऊ जणांना मिळून साडेसात लाख डॉलर देऊन तो मिटवला. स्वतः कॅनडा सरकारने १९८६च्या अहवालाचा आधार घेऊन आपली कायदेशीर वा नैतिक जबाबदारी नाकारली होती. १९९२मध्ये मात्र ‘सहानुभूती’ म्हणून ७७ जणांना प्रत्येकी १ लाख कॅनेडियन डॉलर देण्यात आले. अडीचशेहून अधिक अर्ज नाकारले गेले. आपल्या मनाची घडी पुरेशी पूर्णपणे विस्कटली होती, हे अर्जदाराने वैद्यकीय कागदांवरून दाखवायचे होते. अर्धवट विस्कटलेल्यांना काही नाही. एका महिलेचा असा नाकारलेला अर्ज २००४मध्ये न्यायालयाने उचलून धरला.

वर उल्लेख केलेल्या सार्जंट स्टॅन्लीला संसदेच्या खास कायद्यामुळे १९९६मध्ये सुमारे ४ लाख डॉलर मिळाले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षापासून म्हणतो की कोणी यंत्रांच्या साहाय्याने त्याच्या डोक्यात विचार घालत आहे. मी त्याला समजवायला गेले की तो एमके-अल्ट्राची कागदपत्रे दाखवतो आणि म्हणतो, “ताई, हेही आधी खोटेच म्हणत होते ना?” त्याला काय उत्तर देऊ?

उत्तर : त्याच्या वाक्याचा पहिला भाग खरा आहे, म्हणून तो नाकारू नका. सरकारने खोटे सांगितले, ते उघडकीला आले, हे त्याला मोकळेपणाने सांगा. पण तेच कागद नीट वाचले तर ते त्याच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातात. त्यांत औषधे आहेत, विजेचे झटके आहेत, कोंडलेल्या खोल्या आहेत, आणि हवे तसे मन चालवणे साधले नाही अशी कबुली आहे. दुरून विचार पेरणारे यंत्र त्यांत कुठेही नाही. एका काळी एक अत्याचार झाला, यावरून आज अमुक माणसावर दुसरा होत आहे असे ठरत नाही. त्याला स्वतंत्र पुरावा लागतो.

मात्र हा युक्तिवाद त्याच्याशी जिंकण्याचा प्रयत्न करू नका. अशा वादातून तो दुरावेल. त्याला जे जाणवते ते त्याच्यासाठी खरे आहे आणि त्रासदायक आहे. झोप, भूक, भीती यांबद्दल विचारा, आणि त्या त्रासासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे चल, मी सोबत येते, असे म्हणा. विचार बाहेरून घातले जात आहेत असे वाटणे हे ओळखीचे लक्षण आहे आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी शंका आली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. कॅमेरॉन यांचे प्रकरण वाचलेला माणूस मनोविकारतज्ज्ञाला घाबरला, तर त्यात नवल नाही. म्हणून कोणते औषध, कशासाठी, किती दिवस, हे त्याच्यासमक्ष विचारा आणि त्याला उत्तरे ऐकू द्या. माँट्रियलच्या रुग्णांना हेच नाकारले गेले होते.

प्रश्न : आता या घटनांना साठ-सत्तर वर्षे झाली. अजून काही चालू आहे का, की प्रकरण संपले?

उत्तर : संपलेले नाही. कागदांच्या बाजूने पाहिले तर वॉशिंग्टनमधील ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ या स्वतंत्र संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये बाराशेहून अधिक दस्तऐवजांचा संग्रह अभ्यासकांसाठी खुला केला. लष्कराच्या प्रयोगांतील माजी सैनिकांनी २००९मध्ये लावलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१५मध्ये निर्णय दिला की लष्कराने त्यांना आरोग्याविषयी नवी माहिती कळवत राहिले पाहिजे आणि उपचारही दिले पाहिजेत. पैसे त्यांना मिळाले नाहीत, पण माझ्या मते हा आदेश अनेक धनादेशांपेक्षा मोलाचा आहे, कारण आपल्याला काय दिले गेले होते हे जाणून घेण्याचा हक्क त्यात मान्य झाला.

क्षमायाचनेची तुलना करायची तर, शीतयुद्धातील किरणोत्सर्गाच्या प्रयोगांबद्दल अध्यक्ष क्लिंटन यांनी चौकशी समिती नेमली, कागद खुले केले आणि ऑक्टोबर १९९५मध्ये जाहीर क्षमा मागितली. मनोनियंत्रणाच्या प्रयोगांतील सर्व बळींसाठी तसे काही झालेले नाही. फोर्ड यांची क्षमा एका कुटुंबापुरती होती.

माँट्रियलमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनी २०१९मध्ये सामूहिक दावा दाखल करण्यासाठी अर्ज केला. परकीय राष्ट्र म्हणून मिळणाऱ्या संरक्षणामुळे अमेरिकन सरकार त्यातून सुटले. जुलै २०२५मध्ये क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने रुग्णालय आणि कॅनडा सरकार यांच्याविरुद्ध हा दावा पुढे चालवायला परवानगी दिली. १९४८ ते १९६४ या काळात ॲलन मेमोरियलमध्ये कॅमेरॉन यांच्या पद्धतीने उपचार झालेले रुग्ण आणि त्यांचे वारस त्यात येतात. परवानगी म्हणजे निकाल नव्हे. वस्तुस्थितीवरची सुनावणी पुढेच आहे, आणि वादींपैकी बहुतेक आता रुग्ण नसून त्यांची मुले आहेत, ज्यांच्याजवळ आईवडिलांच्या केसपेपरांखेरीज फारसा पुरावा नाही. इथे तो पुरावा रुग्णालयाच्या दफ्तरात होता, गुप्तचर संस्थेच्या नव्हे. म्हणूनच तो दाखवता येतो आहे.